सुरावट, नाद आणि ‘प्रयोग’ : रॉक बँडच्या स्थित्यंतराचा एक भाषाशास्त्रीय विचार

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द तीन निरनिराळ्या क्षेत्रांत तीन निरनिराळ्या अर्थांनी रूढ आहे. प्रयोगशाळेत पदार्थाच्या गुणधर्मांची परीक्षा पाहणे हा प्रयोग. रंगभूमीवर नाटक प्रेक्षकांसमोर सादर होणे हाही प्रयोग. आणि व्याकरणात कर्ता, कर्म व क्रियापद यांच्या परस्परसंबंधाची जी ठेवण असते तिलाही आपण प्रयोगच म्हणतो. आपल्या भागातील माणसाला यांपैकी दुसरा अर्थ सर्वांत जवळचा. दिवाळी उलटली की वडशाच्या नाट्यमंडळींचे प्रयोग गावोगाव ठरू लागतात, आणि ‘आज प्रयोग आहे’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला पुढचे काही सांगावे लागत नाही.

संगीतविषयक लेखनात मात्र ‘प्रायोगिक’ हे विशेषण चौथ्याच, आणि पुष्कळदा फार सैल, अर्थाने वापरले जाते. सुरेल गाणी गाणारा एखादा रॉक बँड अनोळखी वाद्ये हाती घेऊ लागला, गीते लांबवू लागला, किंवा श्रोत्याला सहज गुणगुणता येणार नाही असे काही वाजवू लागला, की तो ‘प्रायोगिक झाला’ असे म्हणून समीक्षक मोकळे होतात. या वर्णनातून बँडचे काय बदलले हे कळत नाही. केवळ श्रोत्याची सवय मोडली एवढेच कळते. (बँड म्हणजे येथे वरातीपुढचा बँड नव्हे, तर गिटार, ड्रम आणि गायन यांवर उभा असलेला चार-पाच जणांचा वाद्यमेळ, हे सांगावयास नकोच.)

अशा स्थित्यंतराचे वर्णन अधिक काटेकोरपणे करावयाचे तर व्याकरणातील ‘प्रयोग’ ही संकल्पना उपयोगी पडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी प्रथम सुरेल रॉकची रचना पाहू, मग भाषासंपर्काच्या अभ्यासातील एक भेद लक्षात घेऊ, आणि त्यानंतर लंडन व मुंबई येथील काही उदाहरणे तपासू. शेवटी आपल्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील गीतप्रकारांचे संकलन करणाऱ्या विद्यार्थ्याला या विवेचनाचा काय उपयोग, हेही सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

१. सुरेल रॉकचे व्याकरण

सुरेल रॉकमधील सामान्य गीत तीन-चार मिनिटांचे असते. त्यात दोन किंवा तीन कडवी, प्रत्येक कडव्यानंतर येणारे पालुपद, आणि मध्यावर चाल पालटणारा एखादा तुकडा असतो. ताल बहुधा चार मात्रांचा; त्यातही दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ड्रमचा आघात ठळक. आपल्याकडे समेवर येण्यात जे समाधान असते ते येथे नाही. येथे आघाताची जागा जाणूनबुजून समेच्या बाजूला सरकविलेली असते. गिटार व की-बोर्ड एकाच वेळी अनेक स्वर छेडून स्वरसंघात निर्माण करतात, आणि हे संघात ठरावीक क्रमाने बदलत जाऊन पुन्हा मूळ स्थानी येतात.

या साऱ्या घटकांमध्ये सत्ता कोणाची? निःसंशय गळ्यावर असलेल्या चालीची. स्वरसंघात बदलतात ते चालीला आधार देण्यासाठी; ड्रमवादक कडव्याच्या शेवटी भराव घालतो तो पालुपद येत आहे हे सुचविण्यासाठी; गिटारचा एकल तुकडाही पुष्कळदा चालीचीच आठवण करून देतो. श्रोता घरी जाताना जे गुणगुणतो ते चाल होय.

येथे व्याकरणातील प्रयोगविचार आठवावा. ‘गायक ओवी गातो’, ‘गायिका ओवी गाते’: या वाक्यांत क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते, हा कर्तरी प्रयोग. ‘गायकाने ओवी गायिली’, ‘गायकाने अभंग गायिला’: येथे गाणारा तोच असूनही क्रियापदाने त्याचे अनुयायित्व सोडले व ते कर्माप्रमाणे चालू लागले, हा कर्मणि. ‘गायकाने ओवीला सजविले’, ‘गायिकेने अभंगाला सजविले’: येथे क्रियापद कोणाचेच ऐकत नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते, हा भावे. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून आजवर या विषयावर जी चर्चा झाली तिचे तपशील येथे नकोत. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की, वाक्यातील शब्द जवळजवळ तेच ठेवूनही अन्वय बदलता येतो, आणि अन्वय बदलला की वाक्याचा तोल बदलतो.

सुरेल रॉक हा या दृष्टीने कर्तरी प्रयोग होय. चाल हा कर्ता, आणि बाकीचे सर्व घटक तिच्या लिंगवचनाप्रमाणे चालणारे.

२. शब्द उसने की रचना उसनी?

भाषा एकमेकींच्या संपर्कात येतात तेव्हा दोन प्रकारचे बदल संभवतात. पहिला सर्वांच्या परिचयाचा. फारसीतून मराठीत आलेल्या शब्दांची संख्या एवढी मोठी की माधव जूलियन यांनी १९२५ साली स्वतंत्र ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला. कागद, दुकान, बाजार, जमीन, सरकार हे शब्द आज कोणाला परके वाटत नाहीत. तथापि हे शब्द मराठीत आल्यावर मराठीचेच विभक्तिप्रत्यय घेऊन मराठी वाक्यात नांदू लागले. ‘दुकानात’, ‘बाजाराला’ असे म्हणताना आपण फारसी बोलत नाही.

दुसरा प्रकार कमी दिसतो, पण अधिक खोल असतो. सांगलीजवळचे कुपवाड हे त्याचे जगन्मान्य उदाहरण. जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदणाऱ्या मराठी, कन्नड व उर्दू भाषकांच्या बोलींची वाक्यरचना जवळजवळ एकरूप झाली होती. शब्द मात्र ज्याचे त्याच्याकडे राहिले होते. एका बोलीतील वाक्य दुसरीत न्यावयाचे तर शब्दास शब्द ठेवत गेले की पुरे, इतके हे साम्य होते. वरवर पाहणाऱ्याला तेथे काहीच बदललेले दिसले नसते. कारण कानाला प्रथम शब्द ऐकू येतात, रचना ऐकू येत नाही.

सारा टॉमसन व टेरेन्स कॉफमन यांनी १९८८ च्या ग्रंथात या दोन प्रकारांची एक चढती श्रेणी मांडली. अल्प संपर्कात शब्द येतात. संपर्क दीर्घ व घनिष्ठ झाला तरच ध्वनी, प्रत्यय व वाक्यरचना यांपर्यंत बदल पोहोचतो.

हाच भेद संगीतास लावून पाहिला तर असे म्हणता येईल की नवे वाद्य घेणे ही शब्दाची उसनवारी होय, रचनेचा क्रम बदलणे हा वाक्यरचनेतील बदल होय, आणि घटकांपैकी कोणी कोणाच्या मागे जावयाचे हा नियमच बदलणे हा प्रयोगबदल होय. हे तीनही बदल एकाच बँडमध्ये पाहावयाचे तर प्रथम बीटल्सकडे वळले पाहिजे. त्या बँडच्या ध्वनिमुद्रणांचा इतिहास जवळजवळ दिवसागणिक उपलब्ध आहे, आणि त्या इतिहासाची एक वाट मुंबईतून जाते.

३. बीटल्स : तीन गीते, तीन पायऱ्या

१९६२ साली पहिली तबकडी निघाली तेव्हा बीटल्स हा सुरेल, दोन-अडीच मिनिटांची प्रेमगीते गाणारा बँड होता. डिसेंबर १९६५ मध्ये ‘रबर सोल’ हा संग्रह निघाला. त्यातील ‘नॉर्वेजियन वूड’ या गीतात जॉर्ज हॅरिसनने सतार वाजविली. पाश्चात्य श्रोत्यांना हा नाद विलक्षण वाटला. परंतु रचनेच्या दृष्टीने पाहता येथे सतार तेच करते जे गिटारने केले असते : ती चालीची ओळ उचलते आणि चालीच्या मागे उभी राहते. ‘दुकान’ला ‘-आत’ हा मराठी प्रत्यय लागावा तसा हा प्रकार. शब्द परका, वाक्य घरचे.

पुढील वर्षीच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या संग्रहातील ‘लव्ह यू टू’ हे गीत दुसऱ्या पायरीवर आहे. त्यात अनिल भागवत यांनी तबला वाजविला, आणि संग्रहाच्या वेष्टनावर त्यांचे नाव छापले गेले. येथे सतारीवर तालावाचून आलापासारखा आरंभ होतो, मग तबल्यासह लय सुरू होते. स्वरसंघातांची बदलती माळ जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे वाक्यरचनाच दुसऱ्या भाषेची घेतली. परंतु येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. हिंदुस्थानी संगीत हे स्वतःच अत्यंत चालप्रधान आहे. तबला गायकाला साथ करतो, सारंगी त्याच्या स्वराचा मागोवा घेते, तानपुरा त्याच्यासाठी आधारस्वर धरून ठेवतो. तेव्हा या गीतात भाषा बदलली तरी प्रयोग कर्तरीच राहिला; एक चालप्रधान व्याकरण टाकून दुसरे चालप्रधान व्याकरण घेतले गेले. जे सर्वांत ‘परके’ वाटते ते सर्वांत प्रायोगिक असतेच असे नाही, हा धडा येथे मिळतो.

त्याच संग्रहातील शेवटचे गीत ‘टुमॉरो नेव्हर नोज’. त्याचे ध्वनिमुद्रण ६ एप्रिल १९६६ रोजी सुरू झाले. हे गीत जवळजवळ आरंभापासून अंतापर्यंत एकाच आधारस्वरावर उभे आहे. ड्रमचा एकच ठेका अखंड चालतो. ध्वनिफितींचे तुकडे टोकास टोक जोडून त्यांची वर्तुळे केली, ती निरनिराळ्या यंत्रांवर फिरती ठेवली, आणि मिश्रणाच्या वेळी त्यांचे नाद हवे तेथे वर-खाली केले. जॉन लेननचा आवाज फिरत्या ध्वनिक्षेपकातून जाऊ देऊन बदलण्यात आला. येथे गायक आहे, शब्द आहेत, चालही आहे. परंतु बाकीचे घटक आता तिच्या आज्ञेत नाहीत. फितींची वर्तुळे आपल्या गतीने फिरतात, चालीला त्यांच्यातून वाट काढावी लागते, आणि गळ्यालाही इतर नादांपैकी एक नाद म्हणून वागविले जाते. कर्ता तृतीयेत गेला आणि क्रियापद दुसऱ्याप्रमाणे चालू लागले. हा खरा प्रयोगबदल. लक्षात घेण्यासारखे हे की, ‘लव्ह यू टू’पेक्षा येथे परकी वाद्ये कमी आहेत.

यानंतर हॅरिसन सप्टेंबर १९६६ मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे शिकण्यासाठी मुंबईस आला. १९६७ च्या ‘विदिन यू विदाउट यू’ या गीताच्या मधल्या भागात दहा मात्रांचे आवर्तन येते, हे त्या शिक्षणाचे फळ होय. जानेवारी १९६८ मध्ये त्याने मुंबईच्या एच. एम. व्ही. स्टुडिओत भारतीय वादकांकडून जे संगीत मुद्रित करून घेतले त्यातील एका रचनेवर पुढे लंडनमध्ये गायन चढविले गेले. तेच ‘द इनर लाइट’. मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’ या तबकडीच्या दुसऱ्या बाजूस ते प्रसिद्ध झाले. आपल्याकडील वादक परक्या बँडच्या वाक्यात असे प्रविष्ट झाले. आता याच मुंबईत उलट दिशेने काय घडले ते पाहू.

४. मुंबई : रॉक मशीन ते इंडस क्रीड, आणि पेंटाग्राम

बीटल्सने आपल्याकडून शब्द घेतले. मुंबईच्या रॉक बँडनी पश्चिमेकडून संबंध भाषाच घेतली. वाद्ये, ताल, रचना आणि गीतांची इंग्रजी भाषा हे सर्व एकत्रच आले. इंग्रजीत शब्दातील विशिष्ट अक्षरावर आघात येतो, आणि रॉकचा आघातप्रधान ताल त्या आघातांशी जुळवून घेतलेला असतो. मराठी पद्यात गणना मात्रांची व लघुगुरूंची. आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे रॉकची चाल मराठी शब्दांवर जशीच्या तशी बसविणे अवघड जाते, आणि या पिढीतील बहुतेक शहरी बँड इंग्रजीतच गात राहिले, त्याचे एक कारण येथे असावे.

‘रॉक मशीन’ हा बँड मुंबईत १९८४ साली स्थापन झाला. आरंभी तो पाश्चात्य बँडची गाणी वाजवीत असे. भाषा शिकणाऱ्याने प्रथम तयार वाक्ये पाठ करावीत, तसा हा काळ. १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ व १९९० साली ‘द सेकंड कमिंग’ हे त्याचे स्वरचित गीतांचे संग्रह निघाले. उदय बेनेगल यांचे गायन, महेश तिनईकर यांची गिटार, झुबिन बालापोरिया यांचा की-बोर्ड हे त्या नादाचे ओळखीचे घटक. पाठ केलेली वाक्ये संपून स्वतःची वाक्ये सुरू झाली. पण व्याकरण शिकलेलेच होते. उंच स्वरातील पालुपद, सर्वांनी एकत्र म्हणण्याजोगी ओळ, चालीला शरण असलेली साथ, असा हा शुद्ध कर्तरी प्रयोग. तो त्यांनी सफाईने साधला होता, हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्याच्या भाषेत अस्खलित वाक्य रचणे ही लहान गोष्ट नव्हे.

१९९३ साली बँडने नाव बदलून ‘इंडस क्रीड’ असे ठेवले. भाषेच्या अभ्यासकाला हा बदल अर्थपूर्ण वाटतो. ‘रॉक मशीन’ हे नाव केवळ संगीतप्रकार सांगते. ते जगातील कोणत्याही शहरातील बँडला शोभले असते. ‘इंडस क्रीड’ या नावात सिंधू नदी आहे आणि श्रद्धेचा उच्चार आहे. म्हणजे स्थळ व भूमिका दोन्ही आली. शब्द मात्र दोन्ही वेळा इंग्रजीच. त्याच नावाचा संग्रह १९९५ साली निघाला, आणि १९९७ साली बँड विसर्जित झाला. पुढे बेनेगल व गिटारवादक जयेश गांधी यांनी अमेरिकेत ‘आम्स फॉर शांती’ या नावाने भारतीय व पाश्चात्य वाद्यांचा मेळ घालणारे काम केले. वरील श्रेणीत ते शब्दसंग्रह वाढविण्याच्या पायरीवर बसते.

२०१० साली इंडस क्रीड पुन्हा एकत्र आला, आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा आठ गीतांचा संग्रह निघाला. शीर्षकाचा अर्थच ‘उत्क्रांत होणे’. या संग्रहात तबला-सतारीचा सोस नाही. वाद्ये बहुतांशी जुन्याच कुळातील. बदल आहे तो मांडणीत. गीते अधिक लांब श्वासाची झाली, पालुपदाकडे धावण्याची घाई गेली, की-बोर्ड व गिटार यांच्या नादाचे थर चालीला केवळ आधार न देता तिच्या बरोबरीने पुढे येऊ लागले. म्हणजे कुपवाडचा प्रकार : शब्द तेच, रचना सरकलेली. १९९० चा श्रोता ‘यात नवे वाद्य कोणते?’ असे विचारील, आणि उत्तर न मिळाल्याने येथे प्रयोग नाही असे ठरवील. त्याचा निष्कर्ष चुकीचा असेल. तथापि येथे प्रयोग पूर्णपणे बदलला असेही म्हणता येत नाही. गायक अजून प्रथमेतच आहे. फक्त त्याची सत्ता निर्विवाद राहिलेली नाही.

याहून पुढची पायरी मुंबईच्याच ‘पेंटाग्राम’ या बँडमध्ये दिसते. विशाल ददलानी गायक व रँडॉल्फ कोरिया गिटारवादक असलेला हा बँड १९९४ साली सुरू झाला. त्याचा १९९६ चा ‘वी आर नॉट लिसनिंग’ हा संग्रह गिटारप्रधान रॉकचा, तर २००२ चा ‘अप’ हा इलेक्ट्रॉनिक नादाकडे वळलेला. हा बदल यंत्रे घेण्यापुरता समजणे अपुरे होईल. संगणकावर रचलेल्या आवर्ती तुकड्याचा स्वभाव कडवे-पालुपदाहून वेगळा असतो. कडवे पालुपदाची वाट पाहावयास लावते. आवर्तन कशाचीच वाट पाहावयास लावीत नाही, ते आहे तेथेच दाट होते. रचनेचा पाया आवर्तन झाला की चालीला त्याच्या कालमानात बसावे लागते. गायकाने ओळ लांबविली म्हणून यंत्र थांबत नाही. कर्माच्या, किंबहुना काही ठिकाणी भावाच्या, दिशेने झालेले हे स्थलांतर होय.

ही उपमा ताणू नये हे उघड आहे. वाक्यात प्रयोग एकच असतो. गीताच्या एका भागात एक व दुसऱ्या भागात दुसरा असू शकतो. शिवाय व्याकरणाचा नियम वक्त्याला सहसा मोडता येत नाही, कलावंत मात्र तो जाणून मोडतो. परंतु संगीतात सत्ता कोणाची, हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारण्यापुरती ही उपमा निश्चित चालते.

५. स्थित्यंतर का होते, आणि श्रोता का रुसतो?

पहिले कारण सादरीकरणाच्या जागेत आहे. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे शेवटची तिकीटविक्रीची मैफल करून बीटल्सने दौरे थांबविले. प्रेक्षकांसमोर पुन्हा वाजविता येईल असेच रचले पाहिजे, हे बंधन त्यामुळे गेले. रंगमंचासाठी रचलेले गीत श्रोत्याने एका ऐकण्यात धरले पाहिजे. ध्वनिमुद्रणासाठी रचलेले पुन्हा पुन्हा ऐकता येते. बोललेली भाषा व लिहिलेली भाषा यांच्या वाक्यरचनेत जो फरक पडतो तोच येथे पडतो.

दुसरे कारण साधनांत आहे. ध्वनिफीत, आणि पुढे संगणक, यांनी नाद कापणे, जोडणे, उलटविणे शक्य केले. इंग्लंडच्या ‘रेडिओहेड’ या बँडने १९९७ च्या ‘ओके कॉम्प्युटर’ या गिटारप्रधान संग्रहाच्या यशानंतर २००० साली ‘किड ए’ हा संग्रह काढला. त्याच्या पहिल्याच गीतात गायकाचा आवाज तुकडे करून वाद्यासारखा वापरला आहे. त्या संग्रहातून बँडने एकही गीत स्वतंत्र तबकडी म्हणून काढले नाही. पालुपदाचे राज्य गेले की ‘एक निवडक गीत’ ही विक्रीची कल्पनाही डळमळते, हे त्यातून दिसते.

तिसरे कारण अधिक साधे : ज्या व्याकरणात सर्व वाक्ये सहज बनू लागतात, त्यात बोलणाऱ्याला काही शोधावयाचे उरत नाही.

श्रोत्याचा रोष मात्र उथळ समजू नये. चालप्रधान गीत हे श्रोत्याला सहभागी करते. पालुपद म्हणजे त्याला दिलेली जागा होय. प्रयोग बदलला की ती जागा काढून घेतली जाते. ‘आता यांचे गाणे कळत नाही’ या तक्रारीचा खरा अर्थ ‘आता यांच्या गाण्यात मला जागा नाही’ असा असतो. जो बँड एक जागा काढून घेताना दुसरी देतो, त्याच्याकडे श्रोते परत येतात. जो देत नाही त्याचे स्थित्यंतर समीक्षकांपुरते उरते.

६. आपल्या परिसरातील प्रश्न

मुंबई-लंडनच्या या उदाहरणांचा चंद्रपूर-गडचिरोलीतील अभ्यासकाला उपयोग काय? झाडीपट्टीतील गीताविषयी चालणारी चर्चा अगदी याच वळणाची आहे, म्हणून तो उपयोग आहे. दंडार व खडी गंमत यांपासून आजच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकापर्यंत येथील रंगसंगीत पुष्कळ बदलले. की-बोर्ड आला, इलेक्ट्रॉनिक तालवाद्ये आली. यावर एक पक्ष म्हणतो की जुने सारे बुडाले; दुसरा म्हणतो की काळाप्रमाणे वाद्ये बदलणारच, त्यात काही बिघडले नाही. दोन्ही पक्ष वाद्यांची यादी पाहतात. आपल्या विवेचनाप्रमाणे ही यादी म्हणजे शब्दसंग्रह होय, आणि शब्दसंग्रहावरून भाषा जगली की मेली हे ठरत नाही. झाडीबोलीचा अभ्यासक ‘पाणी’चे ‘पानी’ झाले एवढे नोंदवून थांबत नाही. तो वाक्य कसे चालते ते पाहतो. गीताच्या अभ्यासकानेही तेच करावे.

त्यासाठी एक साधी कसोटी सुचवाविशी वाटते : कोण कोणासाठी थांबतो? नट रंगात येऊन एखादी ओळ लांबवितो, मध्येच गद्य बोलतो, प्रेक्षकांची दाद घेऊन पुन्हा ओळ धरतो; तेव्हा हार्मोनियम व तबला त्याच्यासाठी थांबतात काय? थांबत असतील तर प्रयोग कर्तरी आहे, मग हार्मोनियमच्या जागी की-बोर्ड असला तरी. आधी भरून ठेवलेला ठेका चालू केला असेल, आणि नटालाच त्याच्या मात्रेत बसावे लागत असेल, तर प्रयोग बदलला आहे, मग शेजारी जुनी ढोलकी ठेवलेली असली तरी. हा बदल चांगला की वाईट हे नंतर ठरवू. तो झाला की नाही हे प्रथम नोंदले पाहिजे.

माडिया व गोंड समाजातील रेला गीतांच्या बाबतीत ही कसोटी आणखी महत्त्वाची. तेथे एकटा गायक आणि त्याची साथ अशी विभागणीच नाही; फेर धरणारा समूह हाच गाणारा असतो. ‘रेला’ हे नावच पालुपदातील अशा अक्षरांवरून आले की ज्यांना कोशात अर्थ सापडावयाचा नाही. तेव्हा अन्वय कोणाशी : चालीशी, पावलांशी, की समूहाच्या श्वासाशी? शहरातील बँडने दीर्घ आवर्तन व निरर्थक अक्षरे वापरली की त्याला आपण प्रायोगिक म्हणतो, आणि तीच लक्षणे भामरागडच्या रानात दिसली की त्यांना आदिम म्हणतो. एकाच रचनागुणाला दोन नावे देणारी ही सवय भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी सोडली पाहिजे. प्रायोगिक हा गुण रचनेत निरपेक्षपणे नसतो. ज्या व्याकरणातून ती निघाली त्याच्याशी तुलना केल्यावरच तो ठरतो.

यात केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा प्रश्न नाही. आज जे विद्यार्थी गावोगाव जाऊन ध्वनिमुद्रण करीत आहेत, त्यांच्या नोंदीच पुढील पिढीच्या हाती राहणार आहेत. त्या नोंदींत फक्त शब्द आणि वाद्यांची नावे असतील, तर गीताचे कोशकार्य होईल, व्याकरण हरवेल; आणि एकदा हरवलेले व्याकरण शब्दांच्या यादीवरून पुन्हा उभे करता येत नाही, हे मृत भाषांच्या अभ्यासकांना चांगलेच ठाऊक आहे. म्हणून मुद्रणयंत्र केवळ गायकाच्या तोंडापुढे न धरता साथीदारांच्या बाजूनेही एकदा धरावे; गीत कोठे लांबले, कोठे थांबले, कोणाच्या खुणेने पुन्हा सुरू झाले याची वेळेसह नोंद करावी; आणि तेच गीत तालमीत व प्रत्यक्ष रात्रीच्या प्रयोगात, दोन्ही वेळा मुद्रित करावे. या दोन मुद्रणांतील फरकातच पुष्कळदा अन्वयाचा नियम सापडेल. असे साहित्य जमले म्हणजे झाडीपट्टीच्या रंगसंगीताने आपला प्रयोग बदलला की केवळ आपले शब्द बदलले, या प्रश्नाला मताने नव्हे तर पुराव्याने उत्तर देता येईल.